मागचा उजवा

१

केबल बदलायच्या की नाहीत, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा आमच्या लग्नाच्या वेळीही झाला नसेल. खल करणारे दोघंच, मी आणि माझे धाकटे दीर. तिसरे सर, म्हणजे माझे यजमान. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "मंगळवार."

सर शाळेत भूगोल शिकवायचे. सगळं जग त्यांना सर म्हणायचं. मीही आधी चिडवायला आणि मग सवयीने सरच म्हणायला लागले. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांना झटका आला. पाय सावरला, हात सावरला, वाकडं झालेलं तोंडही जागेवर आलं, पण शब्द गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. कपाट भरलेलं आहे, किल्ली हरवली आहे. त्या भरल्या कपाटातला एकच शब्द बाहेर राहून गेला होता. तोच का, हे कुणालाच सांगता आलं नाही. पाणी हवं असलं की मंगळवार. पंखा बंद करायचा असला की मंगळवार. माझ्यावर चिडले तरी मंगळवार, आणि मी रडायला लागले की माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू, मंगळवार.

आता केबलचं. आमच्या मागच्या खोलीत होम थिएटर आहे, भाऊजींनी बसवलेलं. त्यांना आवाजाचं भारी वेड. दोन तारांमधला फरक त्यांना डोळे मिटून कळतो, पण शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नाही, असं जाऊबाई म्हणतात. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. जेवणं उरकून मी कामावर निघाले की सर मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसायचे आणि मी त्यांना समुद्राची एखादी फिल्म लावून द्यायचे, जिच्यात कुणी बोलत नाही अशी. दुसऱ्यांचं भराभर बोलणं ऐकलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

समोरचे स्पीकर ठीक होते. मागच्या दोनपैकी उजवा मात्र खरखरायचा. त्याची तार खोलीभर फिरून, कपाटाच्या मागून त्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. भाऊजींचं म्हणणं, ती तार जुनी झाली, पातळ आहे, सगळ्याच नव्या जाड केबल घालू, माझ्याकडून भेट. "मागचे स्पीकर म्हणजे खरं थिएटर, वहिनी. मागून आवाज आला आणि माणसाने मान वळवली, की पैसे वसूल." माझं म्हणणं, तांब्याची तार ती तांब्याची तार, जाड झाली म्हणून काय गाणार आहे?

असा वाद रंगात आला असताना सर उठले. हळूहळू त्या कोपऱ्यात गेले, उजव्या स्पीकरच्या तारेवर तळहात ठेवला, आणि पूर्वी वर्गाला गप्प करायचे त्या आवाजात म्हणाले, "मंगळवार."

विषय तिथेच मिटला.

२

सरांना बोलायला शिकवायला एक तरुण थेरपिस्ट एक दिवसाआड घरी यायची. चित्रांच्या पट्ट्या दाखवायची. पाणी, दिवा, हात, घर. सर प्रत्येक पट्टीला मंगळवार म्हणायचे आणि ती न कंटाळता मान हलवायची. जाताना मला म्हणायची, काकू, धीर सोडू नका. तिच्या वयाच्या मुलीने मला धीर द्यावा याची मला लाज वाटायची, पण तो लागायचाही.

एकदा ती निघताना दारातच थांबली. म्हणाली, घरचा सराव फार छान चाललाय, आज सर 'पायरी' म्हणाले. पायरीचं चित्र तिच्या पट्ट्यांत नव्हतंच.

त्या दिवशी मी भाजी चिरता चिरता उगीच हसत होते.

मग शब्द येऊ लागले. 'ऐक' आला. 'हळू' आला. 'पुन्हा' आला. सर कसे बोलतात तेही थेरपिस्टने मला नीट दाखवलं. पहिलं अक्षर लांबवतात, मग एक श्वासभर थांबतात, मग उरलेला शब्द सोडतात. तिची पद्धत अशी नव्हती. चांगली आहे, म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितली? आता मी तर सकाळी डबा, दुपारी दुकान, संध्याकाळी घर यातच बुडालेली. सराव कसला नि पद्धत कसली! पण आयत्या कौतुकाला नको कोण म्हणतं? मी म्हटलं, जमेल तसं करतो घरी.

मनात मात्र किडा वळवळत राहिला. फिल्ममध्ये कुणी बोलत नाही. फोन ते उचलत नाहीत. दुपारी घरात चिटपाखरू नसतं. मग शिकवतं कोण?

भाऊजींकडे उत्तर तयार होतं. म्हणाले, लांब, जुनी तार असली की ती एरियलसारखी वागते, कुठलं तरी रेडिओ केंद्र पकडते. स्पीकरमधून बारीक आवाजात बातम्या ऐकू येतात, यंत्र बंद असलं तरी. त्यांनी स्वतः हे एका घरात ऐकलं होतं. सर बहुतेक तेच ऐकत असतील. एवढ्या बारीक आवाजाचा त्यांना त्रास होत नसेल.

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. कुठल्याशा केंद्रावरच्या त्या अनोळखी निवेदकाला मी मनातल्या मनात हात जोडले. नव्या केबल घातल्या की ते यायचं बंद होईल, असं भाऊजी पुढे म्हणाले.

"मग राहू द्या जुनीच," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे ऐकायला त्यांना किती मजा वाटली असेल!

३

एके दिवशी दुकानातली वीज गेली, यंत्रं बंद पडली, आणि मालकांनी आम्हाला दुपारीच घरी सोडलं. मी माझ्या किल्लीने दार उघडलं. चपला काढत होते, तेवढ्यात मागच्या खोलीतून सरांचा आवाज आला.

"ओ... ठ."

मी एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी राहिले. काय सुंदर म्हणाले होते! मग ते थांबले, आणि दुसऱ्या कुणी तरी म्हटलं, "ओ."

रेडिओवर बोलणारी माणसं अशी बोलत नाहीत. कुठलीच माणसं अशी बोलत नाहीत. दात कुठे आहेत, जीभ कुठवर जाते, हे ज्याला अंधारात चाचपून बघावं लागतंय, असा तो आवाज होता. ओलसर आणि फार मेहनतीचा.

"हळू," सर म्हणाले. "पुन्हा. ओ... ठ."

"ओ... ट."

आणि सर हसले. ते हसू मी त्यांच्या आजारपणानंतर ऐकलंच नव्हतं. परीक्षेचे पेपर तपासताना एखाद्याने नदी डोंगरावर चढवलेली सापडली की ते असे हसायचे, चिडायचे नाहीत.

मला तेव्हा कळलं. ऐक, हळू, पुन्हा. हे शिकणाऱ्याचे शब्द नव्हते. सरांना कुणी शिकवत नव्हतं. सर शिकवत होते.

मी भिंतीला धरून पुढे गेले. दारातून पाहिलं तर पडदा काळा, यंत्राचा लाल दिवासुद्धा बंद. सर खुर्ची फिरवून मागच्या उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून बसलेले. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ओठ लांबवले, एक श्वास थांबले.

"अ... गं," म्हणाले.

लग्न झाल्यापासून ते मला याच नावाने हाक मारत होते. मला वाटलं होतं, ती हाक गेली. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून किती वेळ रडले, मला ठाऊक नाही. कोपऱ्यात काय आहे ते बघायला मान वर करायची माझी हिंमत झाली नाही, हेही खरं. आणि जे काही होतं त्याचे उपकार मानायची इच्छाही त्याच वेळी मनात होती, हेही तितकंच खरं.

४

सकाळच्या उजेडात भीती जरा पातळ होते. मी चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, कोण आहे तो?

सरांनी खूप वेळ शब्द शोधला. मग म्हणाले, "मागच्या... बाकावरचा."

शाळेतली माणसं मागच्या बाकावरच्या मुलांबद्दल ज्या कौतुकाने, वैतागाने बोलतात, तेच त्यांच्या आवाजात होतं. हुशार आहे का, मी विचारलं. स्वतःचाच प्रश्न ऐकून मला वेड लागल्यासारखं वाटलं.

"ढ आहे," सर म्हणाले. "पण रोज... येतो."

"कुठून येतो?"

कपाची कड ते बोटाने पुसत राहिले. नकाशासमोर उभे राहून अंतर मोजायचे तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

"लांबून," म्हणाले. आणि मग मला समजावं म्हणून, नीट सावकाश, "आता... लांब नाही."

चहा मी बेसिनमध्ये ओतून टाकला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, काय सांगू. एकीकडे सर दिवसागणिक सुधारत होते. थेरपिस्ट म्हणायची, काकू, मी माझ्या मॅडमना यांच्याबद्दल सांगितलं, त्यांना खरं वाटत नाही. सरांनी शेजाऱ्यांना त्यांच्या झाडाला पाणी घालायची आठवण केली. भाजीवाल्याशी घासाघीस केली. जाऊबाईंच्या नव्या पडद्यांना फोनवरून नावं ठेवली, तेव्हा त्या पलीकडे आनंदाने रडल्या. शिकवल्याशिवाय मास्तर जगत नाही म्हणतात. सरांना एक विद्यार्थी मिळाला होता आणि त्याच्यासाठी ते हरवलेले शब्द एकेक करून हुडकून काढत होते. त्या विद्यार्थ्याने मला माझा माणूस परत आणून दिला होता.

आणि दुसरीकडे, मी कामावर असताना कुणाच्या डोळ्यांत बघत असले की मनात येत राहायचं, आता लांब नाही. कितीसं लांब? रस्त्याच्या टोकाला? जिन्यात? सरांनी सगळ्यात आधी शिकवलेला शब्द 'पायरी' होता.

एका संध्याकाळी मी स्वतःच भाऊजींना फोन केला. म्हटलं, या केबल घेऊन.

५

भाऊजी आनंदाने आले. हातात केबलची वेटोळी, खिशात पक्कड. मी म्हटलं, मागच्या उजव्यापासून सुरुवात करा.

त्यांनी आधी तपासणी केली. साधा पेन्सिल सेल घेऊन तो तारेच्या दोन टोकांना टेकवला की पलीकडचा स्पीकर 'टुक' करतो, तार शाबूत आहे हे कळतं. समोरचे टुक टुक बोलले. मागचा डावाही बोलला. उजवा गप्प. भाऊजींनी सेल पुन्हा टेकवला, उलटा करून टेकवला, मग कपाट ओढून मागे हात घातला.

तारेचे दोन तुकडे झालेले होते. टोकांचं तांबं हिरवं पडलं होतं आणि त्यावर चिकट, जुनी धूळ बसली होती.

"हा केव्हाचाच मुका आहे, वहिनी," ते म्हणाले. "यातून काहीही येणं शक्य नाही."

"रेडिओ?"

"रेडिओही नाही."

"पण खरखर तुम्हीही ऐकली होती."

भाऊजींनी ते दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. मग ते म्हणाले, उगीच डोकं शिणवण्यात अर्थ नाही, नवी केबल घालून टाकू.

सर इतका वेळ दारात उभे होते. मला वाटलं, आता पुन्हा येऊन तारेवर हात ठेवतील. तसं काही केलं नाही त्यांनी. फक्त मला बाजूला बोलावलं. त्यांचं वाक्य आता सलग येत होतं, जरा सावकाश एवढंच.

"बदला. पण त्याचा एक धडा राहिलाय. तेवढा घेऊ दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला माझ्याकडे शंभर कारणं होती. पण 'घेऊ दे' हे दोन शब्द मला त्या तोंडून ऐकायला मिळत होते, ते कुणामुळे? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या तोंडावर दार कसं लावायचं?

मी भाऊजींना सांगितलं, टोकाच्या पिना जुन्या दिसतात, नव्या घेऊन या. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण गेले.

६

पुढचं आधी सांगून टाकते. भाऊजी पिना घेऊन आले, सगळ्या केबल बदलल्या. आवाज खरोखरच सुधारला, मी हरले. मागच्या उजव्यातून आता पक्षी ऐकू येतात, लाट फुटून परत जाते ती ऐकू येते, आणि फिल्म बंद केली की स्पीकर गप्प बसतो. थेरपिस्टने यायचं थांबवलं, गरजच उरली नाही. सर दुपारी दोन मुलांना भूगोल शिकवतात. मी रोज निदान एकदा तरी स्वयंपाक करता करता थांबते आणि बाहेरच्या खोलीतलं त्यांचं बोलणं नुसतं ऐकते. एवढं सुख पदरात पडलेल्या बाईने कुरकुर करू नये.

आता मधलं. हे भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.

ते गेले आणि मी मागच्या खोलीत सरांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. लख्ख दुपार होती. खिडक्या बंद, पण उन्हाने खोली भरलेली. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं. तुटकी तार जमिनीवर पडलेली, कपाट वाकडं सरकवलेलं, कोपऱ्यात स्टँडवर तो स्पीकर.

"चल," सर म्हणाले. "काल कुठवर आलो होतो?"

स्पीकरच्या तोंडावर काळं जाळीदार कापड असतं. आवाज निघाला की ते बाहेरच्या बाजूला थरथरतं, भाऊजींनी एकदा दाखवलं होतं. आता मी बघत होते, आणि ते कापड सावकाश आत ओढलं गेलं. आत, अगदी खोल आत. तसंच राहिलं. मग शब्द आला.

मी सरांचा हात घट्ट धरला. आवाज सरांचा होता. आजारपणाआधीचा, भरलेला, खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. मास्तरांची ढब मुलांना लागते, मी स्वतःला म्हटलं. लागतेच. त्यात काय.

काय म्हणाला ते मला आधी कळलं नाही. शब्द शेवटी तुटत होता. सरांनी फक्त शेवटचा 'ऊ' सावकाश म्हणून दाखवला, श्वासभर थांबले. कापड पुन्हा आत गेलं.

मला वाटलं, मला ठाऊक आहे हा शेवटचा धडा. दारात उभं राहून प्रत्येक मूल विचारतं तेच वाक्य. सर, आत येऊ? आणि आयुष्यभराच्या सवयीने सर म्हणणार, ये. मी दुसरा हात त्यांच्या तोंडाकडे नेला. वेळ पडली तर तोंड दाबायचं ठरवलं होतं.

"सर," तो आवाज म्हणाला. "बाहेर जाऊ?"

मी हात तसाच हवेत धरून बसले. बाहेर जाऊ, असं कोण विचारतं? जो वर्गात असतो तो. जिन्यात नव्हता, रस्त्यावर नव्हता. मी दारं-खिडक्या लावून ज्याला बाहेर ठेवत होते तो केव्हाचा आत बसून, परवानगी कशी मागायची ते शिकत होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दार उघड, अगं," म्हणाले. "त्याला येत नाही."

मी उठले. पुढचं दार सताड उघडलं आणि कडीला धरून बाजूला उभी राहिले. आधी मागच्या खोलीचा पडदा हलला. मग टेबलावरच्या वर्तमानपत्राचं पान उचललं गेलं आणि खाली बसलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर. चालायला नुकतंच शिकलेलं कुणी भिंतीला धरून येतं तितक्या सावकाश. सर त्याच्या मागोमाग, जरा अंतर ठेवून येत होते.

माझ्यासमोर येऊन ते थांबलं. माझ्या चष्म्याची डावी काच धुरकटली. उजवी स्वच्छच राहिली.

मी रोज लोकांना जे करायला सांगते ते सवयीने केलं. आधी डावा डोळा मिटला. समोर रिकामा उंबरा, बाहेर जिन्यातलं ऊन. मग तो उघडून उजवा मिटला.

एवढंच सांगते की ते उंच होतं, चौकटीत मावण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागली होती, आणि माझ्यासमोर ते हाताची घडी घालून उभं होतं.

मला आभार मानायचे होते. खरंच मानायचे होते. शब्द माझ्याच हाताला लागेनात.

काच निवळायला लागली. उंबऱ्याच्या पलीकडून सरांच्या जुन्या आवाजात आलं, "जातो."

"जातो म्हणू नये," माझ्या मागून सर म्हणाले. अगदी सहज, चुकलेलं दुरुस्त करावं तसे. "येतो म्हणावं."

शिकणारा मनातल्या मनात शब्द जुळवतो तेवढा वेळ गेला.

"येतो," तो म्हणाला.

आणि इतकी वर्षं दारातून निघालेल्या प्रत्येक माणसाला जे म्हणत आले, तेच माझ्या तोंडून गेलं. भीतीने नाही, सवयीने, आणि अगदी मनापासून.

"ये हं," मी म्हणाले.